पंच कुणाचा?

जानेवारी 1977. मलकापूरच्या एसटी स्टँडसमोरच्या हॉटेलात भज्यांच्या कढईवर एक फळी होती आणि त्या फळीवर रेडिओ. मद्रासला इंग्लंडविरुद्ध तिसरी कसोटी चालू होती. पहिल्या दोन आपण हरलो होतो आणि ही तिसरीही हातातून चालली होती. त्यातच बातमी आली की इंग्लंडचा डावखुरा गोलंदाज जॉन लीव्हर कपाळावर व्हॅसलिन लावलेली पट्टी बांधून टाकत होता, त्यातली एक पट्टी खाली पडलेली अंपायरने पाहिली आणि प्रकरण वर नेले. अंपायरचे नाव ज्युडा रुबेन. चहा पिणारे एक म्हातारे वस्ताद, ज्यांना क्रिकेटातले काही कळत नव्हते पण भांडणातले सगळे कळत होते, त्यांनी विचारले, “रुबेन म्हंजे गोरा का?”

“न्हाई वस्ताद, आपल्यातलाच.”

“आपल्यातला म्हंजे? पंच कुणाचा?”

ज्यांनी गावजत्रेचे मैदान पाहिले आहे त्यांना हा प्रश्न समजावून सांगायला नको. आमच्या शाहूवाडी तालुक्यात जत्रेला कुस्त्या लागल्या की हलगी वाजायच्या आधी हा विषय निघतो. जोड कुणाबरोबर, इनाम किती, हे नंतर. पंच कोणत्या गावचा, कोणत्या तालमीचा, कोणत्या भावकीचा हे आधी. पाठ टेकली की नाही टेकली हा निकाल शेवटी एका माणसाच्या डोळ्यावर ठरतो, आणि तो डोळा कुणाचा आहे हे माहीत असल्याशिवाय लोक मैदानाकडेला बसत नाहीत.

वस्तादांच्या प्रश्नाला त्या दिवशी हॉटेलात कुणी नेमके उत्तर दिले नाही. कुणी पारशी म्हणाले, कुणी ख्रिश्चन. पुढे कितीतरी वर्षांनी मला कळले की रुबेन हे बेने इस्रायली होते, म्हणजे आपल्या कोकणपट्टीतले मराठी बोलणारे ज्यू. 1969 ते 1977 या काळात त्यांनी 10 कसोटी सामन्यांत पंचगिरी केली. व्हॅसलिनच्या त्या प्रकरणाचा शेवट गुळमुळीत झाला. घाम डोळ्यांत जाऊ नये म्हणून संघाच्या फिजिओने पट्ट्या दिल्या होत्या, चेंडूला लावायला नव्हे, असा खुलासा झाला आणि लीव्हर सुटला. भारत तो सामना 200 धावांनी हरला. पण खाली पडलेल्या एका चिंधीकडे ज्याचे लक्ष गेले तो माणूस माझ्या डोक्यातून गेला नाही. या पुस्तकाला प्रस्तावना लिहाल का, असे संपादकांनी विचारले तेव्हा पहिल्यांदा आठवला तो रेडिओ, आणि मग वस्ताद.

शाहूवाडीत ज्यू माणूस शोधून सापडणार नाही. आंबा घाट उतरला की साखरपा, पुढे रत्नागिरी, आणि तिथून कितीतरी वर अलिबाग, तिथे त्यांची जुनी गावे. मग इथल्या एका निवृत्त क्रीडाशिक्षकाने ज्यूंच्या क्रीडाभिमानावर का लिहावे? माझ्याकडे एकच उत्तर आहे. खेळातल्या यशावर समाजाने नाव सांगणे ही गोष्ट आम्हाला पाठ आहे. पोराने जिल्ह्यात गदा मारली की आधी गावाची कमान लागते, मग तालुक्याची, मग समाजाच्या मंडळाचा सत्कार, ‘समाजभूषण’ लिहिलेली शाल. पोरगा फेट्याखाली घामाघूम होऊन उभा असतो आणि त्याच्या पाठीवर कितीजणांचे हात आहेत हे त्यालाही मोजता येत नाही. हे हात त्याला उचलतात की दाबतात, हा प्रश्न मला नोकरीतल्या तीस वर्षांत अनेकदा पडला. ज्यूंच्या इतिहासात तोच प्रश्न दोनशे वर्षे, चार खंडांत आणि कधी कधी जिवाच्या किमतीवर विचारला गेला आहे.

सुरुवात लंडनच्या मुष्टियुद्धापासून करतात. डॅनियल मेंडोझा हा ज्यू बॉक्सर 1790 च्या दशकात इंग्लंडचा विजेता होता. अंगापिंडाने फार मोठा नव्हता, पण पाय हलवत, वार चुकवत खेळायची त्याची रीत होती. आमच्याकडे ज्याला ‘डोक्याचा पैलवान’ म्हणतात तसा. पण मेंडोझा एकटा होता. चळवळ व्हायला आणखी शंभर वर्षे लागली.

युरोपात ज्यूंवर नाना आरोप होते, त्यातला एक शरीराचा. वाकलेला, पांढराफटक, पुस्तकात तोंड घातलेला, पलटणीच्या कामाचा नाही. असे चित्र शतकानुशतके रंगवले गेले आणि ज्या गल्ल्यांत त्यांना कोंडून ठेवले त्या गल्ल्यांतल्या अंधाराचा दोष त्यांच्याच रक्ताला लावला गेला. 1898 मध्ये बाझेल इथल्या दुसऱ्या झायोनिस्ट अधिवेशनात माक्स नोर्डाऊ या डॉक्टर-लेखकाने ‘स्नायूंचा ज्यू’ घडवला पाहिजे असे भाषण केले. त्याच वर्षी बर्लिनमध्ये बार कोखबा नावाची व्यायामशाळा निघाली. रोमनांविरुद्ध लढलेल्या सेनानीचे नाव. मग ‘मकाबी’ हे नाव गावोगाव लागले. तेही जुन्या लढवय्यांचे, आपल्याकडे व्यायामशाळेला बजरंगाचे किंवा बाजीप्रभूंचे नाव द्यावे तसे. 1921 मध्ये या संस्थांचा जागतिक संघ झाला आणि 1932 मध्ये तेल अवीवला पहिला मकाबिया भरला, ज्यूंचे ऑलिंपिक म्हणा.

इथे एक अडचण आहे आणि पुस्तकाने ती लपवलेली नाही. शत्रू म्हणतो ‘तू दुबळा’, आणि तुम्ही दंड फुगवून दाखवता. दंड फुगला, पण माप कुणाचे वापरले? शत्रूचेच. नोर्डाऊच्या भाषणावर त्याच्याच लोकांनी हा आक्षेप घेतला आहे. पुस्तकात मान घालून बसणे हा आमच्याकडे कधीपासून दोष झाला, असे विचारणारे होते आणि मला त्यांचे म्हणणे पटते. तरीही ज्याला रस्त्यात टोपी उडवून मारले जाते त्याने आधी मूठ वळायला शिकावे, तत्त्वज्ञान नंतर, हेही मी तालमीत वाढलेला माणूस नाकारू शकत नाही.

या साऱ्या काळातला माझा आवडता संघ म्हणजे व्हिएन्नाचा हाकोआ. 1909 मध्ये स्थापन झालेला क्लब, नावाचा अर्थच ‘ताकद’. छातीवर दाविदाचा तारा. फुटबॉल, पोहणे, कुस्ती, सगळे एका छताखाली. 1923 मध्ये लंडनला जाऊन त्यांनी वेस्ट हॅमला 5-0 हरवले, आणि 1924-25 मध्ये ऑस्ट्रियाचे विजेतेपद पटकावले. त्या विजेतेपदाची गोष्ट शाळेत मी पोरांना अनेकदा सांगितली आहे. गोलकीपर फाबियानचा हात सामन्यातच मोडला. बदली खेळाडू घ्यायची तेव्हा मुभा नव्हती. हात गळ्यात बांधून तो पुढच्या फळीत जाऊन उभा राहिला, आणि काही मिनिटांत त्यानेच विजयी गोल केला. सामन्याला दंगा करणारे येत, तेव्हा हाकोआचे पैलवान रखवालीला उभे राहत. हे वाचताना मला आमच्या तालमीतली पोरे जत्रेत दोरीला उभी असतात तीच दिसली.

त्याच हाकोआचा मिकी हिर्श्ल हा पैलवान. 1932 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये त्याने फ्रीस्टाइल आणि ग्रीको-रोमन अशा दोन्ही प्रकारांत कांस्य मिळवले. पुढे 1936 मध्ये बर्लिनला हंगेरीचा ज्यू मल्ल कारोय कारपाती याने हिटलरच्या राजधानीत जर्मन प्रतिस्पर्ध्यावर मात करून सुवर्ण घेतले. आणि 1952 चे हेलसिंकी तर कोल्हापूरकरांना तोंडपाठ आहे. प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण टाकून 7000 रुपये उभे केले आणि गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी कांस्य आणले. त्याच हेलसिंकीत कुस्तीत सोव्हिएत युनियनच्या बोरिस गुरेविचने सुवर्ण आणि अमेरिकेच्या हेन्री विटेनबर्गने रौप्य मिळवले. दोघेही ज्यू, विटेनबर्ग न्यूयॉर्कचा पोलीस. आम्ही खाशाबांची बैलगाड्यांची मिरवणूक सांगतो. त्या दोघांच्या घरीही कुणीतरी दारात उभे राहिले असेलच.

बर्लिनचे नाव निघाले म्हणून एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती मराठी आहे आणि आपण ती अर्धीच सांगतो. 1936 मध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक बर्लिनला गेले, तिथे देशी खेळांची प्रात्यक्षिके झाली आणि वाहवा मिळाली. मंडळाचा हा अभिमान रास्तच आहे. पण त्याच उन्हाळ्यात ग्रेटेल बर्गमान ही जर्मन ज्यू मुलगी उंच उडीत 1.60 मीटरची उडी मारून राष्ट्रीय विक्रमाशी बरोबरी करून बसली होती आणि तिला संघातून वगळल्याचे पत्र आले. पत्रावरची तारीख होती 16 जुलै. अमेरिकेचा संघ बोटीत बसल्याच्या दुसऱ्या दिवशीची. आता बहिष्काराची भीती उरली नव्हती. तिला मैदानात उभ्याने बघायचा पास देऊ केला होता. व्हिएन्नात हाकोआच्या तीन जलतरणपटूंनी, युडिट डॉइच, रूथ लांगर आणि लुसी गोल्डनर यांनी, ऑस्ट्रियाकडून निवड होऊनही बर्लिनला जायला नकार दिला, तेव्हा त्यांच्यावरच बंदी आली. आपली मुले त्या मैदानावर टाळ्या घेत होती, त्यांना यातले काही ठाऊक असण्याचे कारण नव्हते. आपल्याला आहे. दोन्ही अर्धे एकत्र सांगायला काय हरकत आहे?

1938 मध्ये नाझींनी हाकोआ बंद केला. त्याचे काही खेळाडू छावण्यांत मेले. आणि 1972 मध्ये म्युनिकला, पुन्हा जर्मनीत, पुन्हा ऑलिंपिकमध्ये, इस्रायलच्या पथकातले 11 जण मारले गेले. त्या यादीत कुस्तीचे प्रशिक्षक मोशे वाइनबर्ग होते, एलिएझर हाल्फिन आणि मार्क स्लाविन हे दोन मल्ल होते, कुस्तीचे पंच योसेफ गुटफ्रॉइंड होते. आमच्या वस्तादांच्या भाषेत सांगायचे तर अख्खी तालीम गेली. दार ढकलून आत येणाऱ्यांना आपल्या अंगाने अडवून धरणारे होते ते गुटफ्रॉइंड, पंच.

अमेरिकेची कथा मी थोडक्यात आटोपतो, तिच्यावर इंग्रजीत कपाटे भरली आहेत. तिथे ज्यूंनी बॉक्सिंग, बास्केटबॉल, बेसबॉल या वाटेने स्थलांतरिताच्या गल्लीतून बाहेर पाय काढला. त्यातली लक्षात ठेवण्यासारखी क्षणचित्रे मात्र न खेळण्याची आहेत. 1934 मध्ये डेट्रॉइटचा बेसबॉलपटू हँक ग्रीनबर्ग योम किप्पूर या प्रायश्चित्ताच्या दिवशी मैदानाऐवजी प्रार्थनेला गेला, ऐन अजिंक्यपदाच्या शर्यतीत. 1965 मध्ये सँडी कूफॅक्सने त्याच सणासाठी वर्ल्ड सिरीजचा पहिला सामना सोडला, आणि शेवटचा सातवा सामना जिंकून दिला. मार्क स्पिट्झची 1972 ची सात सुवर्णे लोकांना आकड्यांत आठवतात. कूफॅक्सचा तो एक रिकामा दिवस लोकांना नावानिशी आठवतो.

सणाला, शनिवारला काम बंद. इथून आपण आपल्या घरी येतो. अलिबागच्या किनारपट्टीवर बेने इस्रायलांना लोक ‘शनिवार तेली’ म्हणत. धंदा तेलाच्या घाण्याचा आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून हे नाव. नवगावच्या किनाऱ्याला फुटलेल्या गलबतातून पूर्वज आले अशी त्यांची परंपरेने चालत आलेली कथा. आमच्याकडे शनिवार हा मारुतीचा वार. तालमीतल्या कोनाड्यातल्या मारुतीला त्याच दिवशी तेल घालायचे, आणि हौद्यातल्या तांबड्या मातीतही तेल, ताक, हळद, लिंबू जिरवायचे. एका किनाऱ्यावर शनिवारी घाणा थांबतो, घाटावर शनिवारी तेलाची वाटी घेऊन पोरगं देवळाकडे पळतं. दोघांनाही एकमेकांचे काही खटकले नाही. हे वाक्य मी भाबडेपणाने लिहीत नाही. जगात ज्यू इतिहासाची पाने उलटताना जी गोष्ट पावलोपावली अडवते, ती इथे नाही. इथे त्यांना कुणी गल्लीत कोंडले नाही, शरीराने नालायक ठरवले नाही. उलट इंग्रजांच्या मुंबई पलटणीत त्यांचे शिपाई आणि देशी अधिकारी मोठ्या संख्येने होते. मुंबईतले पहिले सिनेगॉग 1796 मध्ये बांधले ते सॅम्युएल इझेकिएल दिवेकर या पलटणीतल्याच माणसाने.

मग या समाजाच्या क्रीडाभिमानाला खतपाणी कशाचे? उत्तर द्यायला शत्रूच नाही, तर दंड कुणाला दाखवायचे? मला वाटते, या पुस्तकाचा खरा विषय इथे सुरू होतो.

मुंबईच्या क्रिकेटकडे पाहा. पारशांचा संघ 1886 मध्ये विलायतेला गेला. पुढे युरोपियन, पारशी, हिंदू, मुसलमान अशी चौरंगी स्पर्धा आली. 1937 मध्ये ती पंचरंगी झाली आणि पाचव्या संघाचे नाव ठेवले ‘द रेस्ट’. म्हणजे बाकीचे, उरलेले. हिंदी ख्रिश्चन, बौद्ध, ज्यू, ज्यांना कुठेच बसवता येईना ते सगळे या एका पोत्यात. याच संघाकडून सांगलीचे विजय हजारे 1943 मध्ये ब्रेबॉर्नवर हिंदूंविरुद्ध खेळले आणि 387 धावांच्या डावात एकट्याने 309 काढल्या. भाऊ विवेक 21 धावा करून दुसऱ्या टोकाला उभा राहिला आणि भागीदारी झाली 300 ची. हजारे ख्रिश्चन, ज्यू नव्हेत. पण त्या डावाकडे मी ‘उरलेल्यांचा’ डाव म्हणून पाहतो. धर्माच्या नावाने मैदान वाटून घेतले की ज्याचा वाटाच नाही त्याने काय करायचे, याचे त्याहून चोख उत्तर मला माहीत नाही. 1946 मध्ये ही स्पर्धा बंद पडली, चांगले झाले.

बगदादकडून मुंबईत आलेल्या बगदादी ज्यूंची गोष्ट वेगळी, त्यांचा खेळ घोड्यांचा. सर व्हिक्टर ससून यांचे तबेले मुंबई-पुण्याच्या रेसकोर्सवर गाजले आणि पुढे त्यांच्या घोड्यांनी एप्समची डर्बी चारदा जिंकली: 1953, 1957, 1958, 1960. पैसा, थाट, फोटो. बेने इस्रायली बहुतेक कारकून, कंपाउंडर, पोलीस, रेल्वेतले, शिक्षक. दोघांचे सिनेगॉग वेगळे आणि सोयरीकही नाही. बगदादी मंडळी त्यांना आपल्या बरोबरीचे मानायला कचरत. खेळातल्या अभिमानालाही वर्ग असतो, हे बड्या नावांच्या यादीतून कधी कळत नाही.

‘बूट पॉलिश’मधले जॉन चाचा आठवतात? डेव्हिड. पूर्ण नाव डेव्हिड अब्राहम चेऊलकर, म्हणजे मूळ गाव चौल. 1969 मध्ये पद्मश्री. सिनेमाचा हा प्रेमळ म्हातारा वेटलिफ्टिंगच्या संघटनेच्या कामात रमलेला होता, हे फार थोड्यांना माहीत असते. चेऊलकर आणि रुबेन ही दोन नावे शेजारी ठेवली की एक आकार दिसू लागतो. युरोपातल्या ज्यूने मैदानात उतरून ‘मी पुरुष आहे’ असे सिद्ध केले. इथल्या ज्यूने मैदान राखले, नियम सांभाळले, वजने तपासली, निकाल दिले. ज्याच्या मागे मतदार नाहीत, तालीम नाही, जमाव नाही, त्याच्या डोळ्यावर दोन्ही बाजूंनी विश्वास टाकला. दोन माणसांवरून सिद्धांत मांडू नये, हे मला कळते. पण ‘पंच कुणाचा?’ या प्रश्नाला ‘कुणाचाच नाही’ हे उत्तर देता येणे ही आमच्या भागात फार मोठी पदवी आहे, आणि मुंबईच्या मैदानांवर ती या एवढ्याशा समाजातल्या माणसाला मिळाली होती.

आता गोष्ट उलटी फिरते. 1948 नंतर हा समाज इस्रायलला जाऊ लागला. 1951 च्या सुमारास भारतात बेने इस्रायल 20,000 च्या घरात होते, आज काही हजार उरले. तिकडे गेल्यावर त्यांना विचारण्यात आले, तुम्ही खरे ज्यू का? 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या धर्मपीठाने त्यांच्या लग्नसंबंधांना अटी घातल्या. जेरुसलेममध्ये धरणे धरले गेले. अखेर 1964 मध्ये तिथल्या संसदेला ठासून सांगावे लागले की बेने इस्रायल सर्व अर्थांनी ज्यू आहेत. म्हणजे ज्या देशात कधी कुणी संशय घेतला नाही तो सोडून ते गेले, आणि जिथे आपलेच लोक होते तिथे दाखला मागितला गेला.

या लोकांनी बीरशेबा, दिमोना, अश्दोद, लोद अशा गावांत काय केले? क्रिकेट खेळायला सुरुवात केली. फुटबॉल आणि बास्केटबॉलच्या देशात, वाळवंटाच्या कडेला, मॅटिंग अंथरून. दक्षिण आफ्रिकेहून आणि इंग्लंडहून आलेले काही होते, पण तिथल्या क्रिकेटचा कणा म्हणजे आपली माणसे. इस्रायल 1974 मध्ये आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेचा सदस्य झाला आणि 1979 ते 2001 या काळातल्या सातही आयसीसी ट्रॉफी खेळला. हरला बहुतेक वेळा. 1979 मध्ये श्रीलंकेने त्यांच्याशी खेळायलाच नकार दिला, 1997 मध्ये क्वालालंपूरला निदर्शने झाली. पण त्या संघांच्या यादीतली आडनावे वाचा: आवसकर, नागावकर, केहिमकर. अलिबाग तालुक्याचा एसटीचा बोर्ड वाचतोय असे वाटते. आवास, नागाव, किहीम. जगाच्या दृष्टीने तो ज्यूंचा संघ होता. त्यांच्या शेजाऱ्यांच्या दृष्टीने तो ‘हिंदी’ लोकांचा विचित्र खेळ होता. व्हिएन्नात ज्यू असणे सांगण्यासाठी खेळ लागला. दिमोनात मराठी असणे राखण्यासाठी लागला. मलिद्याचा विधी, ‘मायबोली’ नियतकालिक, पुरणपोळी आणि क्रिकेट.

या विषयावर लिहिणाऱ्यांच्या ढोबळ तीन तऱ्हा आहेत. पहिली यादीवाल्यांची. 1965 मध्ये अमेरिकेत ज्यू खेळाडूंचा जाडजूड कोश निघाला, पुढे नेतान्याच्या विंगेट संस्थेत ज्यू खेळाडूंचे सन्मानदालन झाले. कोण ज्यू, कोणाची आई ज्यू, कोणाचे आजोबा, असा शोध घेत पदके जमा करायची. मला या कामाबद्दल आदर आहे आणि कंटाळाही. आमच्याकडच्या जातवार गौरव-स्मरणिका याच कुळातल्या. नाव आले की पुरे, मग तो माणूस कसा खेळला याची फिकीर नाही. दुसरी तऱ्हा समाज-इतिहासकारांची. खेळाने ज्यूंना बाकीच्यांत मिसळवले की वेगळे राष्ट्र म्हणून उभे केले, हा त्यांचा जुना वाद, आणि खरे तर हाकोआने दोन्ही एकाच वेळी केले. तिसरी तऱ्हा अलीकडची. ती बायकांकडे, लहान समाजांकडे, गरीब क्लबांकडे, हरलेल्यांकडे पाहते. मराठीत यातली एकही तऱ्हा रुजली नाही. आपल्याकडे बेने इस्रायलांवर जे लेखन आहे ते सिनेगॉग, सण, स्वयंपाक यांवर, आणि क्रिकेटच्या इतिहासात ते ‘इतर’मध्ये.

हे पुस्तक तिसऱ्या वाटेने जायचा प्रयत्न करते, आणि जाता जाता पहिल्या वाटेवरची फुलेही वेचते, याबद्दल मी संपादकांशी भांडलो आहे. काही नावे अजूनही केवळ नाव म्हणून आत शिरली आहेत. बायकांचा भाग थोडा आहे. मुंबईत जन्मून इस्रायलसाठी थाई बॉक्सिंग खेळलेली सारा अव्राहम आहे, पण तिच्या आधीच्या पिढ्यांतल्या, शाळेच्या स्पोर्ट्स डेला धावून मग लग्नानंतर थांबलेल्या मुली घरगुती अल्बमांतच राहिल्या. पुस्तकाची खरी मिळकत मध्यभागी आहे, जिथे मुंबई, अलिबाग आणि दिमोना हा एकच धागा म्हणून येतो. तिथे लेखकांनी घाई केलेली नाही.

आत्ताच हे पुस्तक का, असे कुणी विचारेल. महाराष्ट्र सरकारने 2016 मध्ये ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला; दाखल्यासाठी इतिहास लागतो आणि इतिहास सांगणारी माणसे दरवर्षी कमी होत आहेत. दुसरे कारण अप्रिय आहे. इस्रायलच्या युद्धांवरून आज चहाच्या टपरीवरही दोन तट पडतात, आणि दोन्ही तटांना ज्यू माणूस म्हणजे एक सरकार किंवा एक रणगाडा वाटतो. कुणी तो रणगाडा डोक्यावर घेतो, कुणी त्याच्या नावाने प्रत्येक ज्यूला शिव्या देतो. या गदारोळात आवास गावचा फलंदाज दिसणार कसा? पुस्तक कुठल्याच तटाची वकिली करत नाही. त्यामुळे दोन्हीकडून बोल लागतील, त्याची तयारी ठेवावी.

हस्तलिखित वाचत होतो तेव्हा एक प्रयोग केला. गावच्या तालमीत संध्याकाळी जोर-बैठका आटोपल्या की पोरे कट्ट्यावर बसतात. तिथे मी हाकोआचा भाग मोठ्याने वाचला. फाबियानने मोडक्या हाताने गोल केला तिथे शिट्टी पडली. पैलवान रखवालीला उभे राहतात तिथे सगळ्यांनी माना डोलावल्या, हे त्यांना रोजचेच. मग कूफॅक्सचा भाग वाचला. शांतता. सातवीतला एक, कानाला माती लागलेला, म्हणाला, “सर, एवढं मोठं मैदान सोडलं? आन् त्याच्या वस्तादानं काय म्हटलं न्हाई?”

“तो पुन्हा खेळला की, शेवटची.”

“ते झालं वो. पर त्या दिवशी समजा दुसऱ्यानं मैदान मारलं असतं तर? मग ह्येला कुणी इचारलं असतं का?”

मी वही मिटली. बाकीची पोरे आपापसात वाद घालू लागली. अर्धी म्हणत होती विचारलं असतं, अर्धी नाही. शेवटी त्यांनीच एकाला मधोमध बसवले, तू सांग म्हणून, आणि लगेच तिसऱ्याने आक्षेप घेतला की हा तर त्याच्याच गल्लीतला आहे.